एका पदवीचे दोन शिक्के

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२००८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा एका विद्यापीठात इतिहास शिकवत होतो आणि ज्येष्ठतेच्या क्रमानं समकक्षता समितीवर जाऊन बसलो होतो. समकक्षता समिती म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी. बाहेरच्या विद्यापीठाची पदवी घेऊन कुणी आपल्याकडे पुढच्या शिक्षणासाठी आलं, की ती पदवी आपल्या कोणत्या पदवीच्या तोडीची, हे ठरवणारी ही समिती. महिन्या-दोन महिन्यांनी भरते, चहा-बिस्किटं होतात, फायली पुढे सरकतात. क्वचित मागेही सरकतात.

त्या दिवशी पात्रता विभागातले आमचे जुने भाऊसाहेब एक फाईल घेऊन आले आणि म्हणाले, "सर, ही मुलगी नक्की शिकली तरी कुठं?"

मुलगी सांगली जिल्ह्यातली. युरोपमध्ये दोन वर्षांचा एम.एस्सी.चा अभ्यासक्रम करून आली होती. पहिलं वर्ष एका देशात, दुसरं दुसऱ्या देशात. पदवीचा कागद एकच, पण त्यावर दोन विद्यापीठांचे शिक्के आणि दोन सह्या. आमच्या छापील अर्जात रकाना होता 'पदवी देणाऱ्या विद्यापीठाचे नाव'. एकवचनी. तिनं त्या बोटभर जागेत बारीक अक्षरात दोन्ही नावं बसवली होती आणि भाऊसाहेबांनी त्याभोवती लाल पेनानं गोल काढला होता.

समितीत मग चर्चा झाली. एक सदस्य म्हणाले, वर्षभर शिकून पदव्युत्तर पदवी कशी मिळेल? दुसरे म्हणाले, दोन देशांनी दिली म्हणजे नेमकी कोणाची जबाबदारी? तिसऱ्यांनी विचारलं, तिथं या अभ्यासक्रमाची तपासणी कोणी केली, पहिल्या देशानं की दुसऱ्या? हा तिसरा प्रश्न मात्र खरोखरच चांगला होता. उत्तर आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा आम्ही तेच केलं जे समित्या करतात. 'पुढील बैठकीत विचार व्हावा' असा शेरा मारला. त्याखाली माझीही सही आहे. असं तीनदा झालं. तोवर तिच्या पीएच.डी. प्रवेशाची मुदत निघून गेली. ती एकदा माझ्या खोलीत आली, मूळ कागद परत मागितले, "थँक यू सर" म्हणाली आणि गेली. तिनं भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या तिसऱ्या प्रश्नानं मला पुढं बरीच वर्षं वाचायला लावलं. आज तेच तुमच्यापुढं ठेवतो आहे.

पदवी एका गावची आणि मान्यता दुसऱ्या गावची, हे भांडण विद्यापीठांइतकंच जुनं आहे. तेराव्या शतकात युरोपात यावर एक तोड निघाली होती. १२३३ मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी फ्रान्समधल्या तूलूझच्या नव्या विद्यापीठाला एक सनद दिली. तिथं परीक्षा देऊन ज्याला शिकवण्याचा परवाना मिळाला, त्याला पुन्हा परीक्षा न देता कुठंही शिकवता येईल, अशी ती सनद. लॅटिनमध्ये तिला 'यूस उबिक्वे दोकेंदी' म्हणत, म्हणजे सर्वत्र शिकवण्याचा हक्क. गंमत अशी, की बोलोन्या आणि पॅरिस या थोरल्या विद्यापीठांना हा कागद औपचारिकपणे मिळाला तो १२९१-९२ मध्ये. त्यांना तोवर त्याची गरजच भासली नव्हती. नव्या सुनेला ओळख करून द्यावी लागते, सासूला नाही.

कागदावर हक्क मिळाला तरी व्यवहारात पॅरिसवाले ऑक्सफर्डच्या पदवीधरांकडे नाक मुरडत आणि ऑक्सफर्डवाले पॅरिसच्या लोकांची पुन्हा परीक्षा घेत. पोपची मोहोरसुद्धा एका प्राध्यापकाचा दुसऱ्यावर विश्वास बसवू शकली नाही. पुढं राष्ट्रं उभी राहिली, प्रत्येक राष्ट्रानं आपली विद्यापीठं आपल्या कायद्यात बांधून घेतली, आणि ती सर्वत्र चालणारी सनद इतिहासजमा झाली.

परदेशी पदवीची गुणवत्ता तपासायची कोणी, हा प्रश्न आपल्या अंगावरही एकदा आला होता. पुष्कळांना हे ठाऊक नसतं. ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी करणारी जनरल मेडिकल कौन्सिल ही संस्था आपल्या मुंबई, कलकत्ता, मद्रास वगैरे विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांना मान्यता देत असे. १९२०च्या दशकात तिनं हरकत घेतली. हरकतीचा मुद्दा प्रसूतिशास्त्राचा. विद्यार्थ्याला बाळंतपणं स्वतः हाताळण्याचा पुरेसा अनुभव मिळत नाही, असं तिचं म्हणणं. आता त्या काळी आपल्याकडे बाळंतपणं घरच्या काळोख्या खोलीत, सुईणीच्या हातून होत. इस्पितळात जाणाऱ्या बायका थोड्या. विद्यार्थ्यांना अनुभव मिळणार कुठून? तेव्हा हरकत सगळी खोटी नव्हती, हे कबूल करायला हवं. पण तपासायला येणार तिकडचे निरीक्षक, मोजपट्टी तिकडची आणि निकालही तिकडचाच. इथल्या लोकांनी या बाहेरच्या तपासणीला विरोध केला, आणि १९३० मध्ये कौन्सिलनं भारतीय वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली.

एका फटक्यात ग्रँट मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडलेला डॉक्टर लंडनमध्ये डॉक्टर राहिला नाही. त्याचं ज्ञान कालच्याइतकंच होतं, कागद तेवढा बदलला होता. या धक्क्यातून १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा झाला आणि पुढच्या वर्षी आपली स्वतःची मेडिकल कौन्सिल उभी राहिली. आपण आपली तपासणी करायला शिकलो ते अशा रीतीनं, दुसऱ्यानं दार लावून घेतल्यावर. या प्रकरणात कोण बरोबर, हा वाद इतिहासकार घालत बसोत. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. एक पक्ष तपासत होता, दुसरा तपासला जात होता. दोघांनी मिळून तपासावं, ही कल्पना तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

आता पुन्हा युरोप. १९५०च्या दशकाच्या अखेरीस सोफिया कोर्रादी नावाची एक इटालियन तरुणी रोममध्ये कायदा शिकत असताना फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली. तिथं पदव्युत्तर पदवी मिळवून परतली आणि रोमच्या विद्यापीठात म्हणाली, हे माझ्या पदवीत धरा. कार्यालयानं नकार दिला, वर चारचौघांत सुनावलंही. आमच्या भाऊसाहेबांनी निदान सुनावलं तरी नव्हतं. ही बाई मात्र गप्प बसली नाही. पुढं विद्यापीठ-कुलगुरूंच्या संघटनेसाठी काम करताना, १९६९ मध्ये तिनं एक टिपण लिहिलं. विद्यार्थ्यानं काही काळ परदेशात शिकावं आणि ते शिक्षण घरच्या विद्यापीठानं धरावं, हे त्याचं सार. त्यानंतर अठरा वर्षं ती मंत्री, अधिकारी, कुलगुरू यांच्या मागे लागून राहिली. १९८७ मध्ये इरॅस्मस योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. इटलीत तिला 'इरॅस्मसची आई' म्हणू लागले.

पण विद्यार्थी पाठवणं सोपं, त्याचं शिक्षण मोजणं अवघड. एका देशात तास मोजतात, दुसऱ्यात परीक्षा, तिसऱ्यात नुसतंच प्राध्यापकाचं मत. म्हणून १९८९ मध्ये श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा प्रयोग झाला. निवडक पाच विषयांत, आणि मला सांगायला आनंद वाटतो की त्यांत इतिहासही होता. वर्षाच्या पूर्ण अभ्यासाचे ६० श्रेयांक आणि एका श्रेयांकाला साधारण २५ ते ३० तासांचं काम. हे काम म्हणजे शिक्षकाचं व्याख्यान नव्हे, विद्यार्थ्याची एकूण मेहनत. वाचन, टिपणं, प्रयोगशाळा, सगळं धरून. आपल्याकडे श्रेयांक पद्धत आली तेव्हा वर्षाचे साधारण ४० श्रेयांक ठरले. त्यामुळे आपल्या मुलांच्या गुणपत्रिका तिकडे गेल्या की तिथले कारकून गोंधळतात आणि तिकडच्या इकडे आल्या की आमचे. तिथं ६० म्हणजे इथल्या दीड वर्षाचं शिक्षण, असा हिशेब मी एका सन्माननीय सदस्यांच्या तोंडून ऐकलेला आहे.

१९९७ मध्ये लिस्बनला एक करार झाला. त्यानं जुन्या पद्धतीचं पारडंच उलटवलं. तोवर विद्यार्थ्यानं सिद्ध करायचं, की माझी पदवी तुमच्याइतकी चांगली आहे. लिस्बन करार म्हणाला, नाही. दुसऱ्या देशाची पदवी मान्यच धरा, आणि नाकारायची असेल तर दोन्हींत मोठा फरक आहे हे नाकारणाऱ्यानं सिद्ध करावं. भारत या करारात नाही. पण समकक्षता समितीच्या प्रत्येक खोलीत हे वाक्य चौकटीत लावावं, असं मला वाटतं.

दोन वर्षांनी, जून १९९९ मध्ये, २९ देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी त्याच जुन्या बोलोन्या गावी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सगळ्यांच्या पदव्यांची रचना एकमेकांना समजेल अशी करायची, असं ठरलं. मग साहजिकच पुढचा प्रश्न आला. दोन-तीन विद्यापीठांनी मिळून एकच अभ्यासक्रम शिकवावा, एकच संयुक्त पदवी द्यावी, याला काय हरकत आहे?

हरकत कायद्याची होती. बऱ्याच देशांत पदवी ही सरकारची वस्तू. ती कोणत्या भाषेत छापावी, तिच्यावर कोणाचं चिन्ह असावं, कोणी सही करावी, हे ठरलेलं. परदेशी विद्यापीठाचा शिक्का त्या कागदावर चालेना. एका देशात शुल्क घेणं सक्तीचं, दुसऱ्यात घ्यायला बंदी. एका ठिकाणी प्रबंधाची जाहीर तोंडी परीक्षा हवीच, दुसऱ्या ठिकाणी ती माहीतच नाही. मग विद्यापीठं पळवाट काढत. एकाच अभ्यासाच्या दोन वेगळ्या पदव्या, दोन वेगळ्या कागदांवर. आणि आणखी एक विनोद. लिस्बन करार ज्या पदव्यांना संरक्षण देत होता, त्या एखाद्या देशाच्या शिक्षणव्यवस्थेतल्या. संयुक्त पदवी धड या देशाची नाही आणि धड त्याही नाही, म्हणून तीच नेमकी कराराबाहेर पडली! २००४ मध्ये वेगळी शिफारस करून तिला आत घ्यावं लागलं.

त्याच वर्षी युरोपीय संघानं इरॅस्मस मुंडुस ही योजना चालू केली. निदान तीन देशांतल्या तीन विद्यापीठांनी मिळून पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवायचा, विद्यार्थ्यानं निदान दोन देशांत शिकायचं, आणि जगभरच्या मुलांना शिष्यवृत्ती. आपली मुलं मोठ्या संख्येनं गेली, आजही जातात. आमच्या सांगलीकर मुलीची पदवी याच योजनेतली.

आता तो तिसरा प्रश्न. तपासणी कोणी केली?

तर पुष्कळ वेळा उत्तर असं होतं, की सगळ्यांनी आपापल्या पुरती केली. चार देशांतली विद्यापीठं असतील तर चार देशांच्या मूल्यांकन संस्था, चार वेळापत्रकं, चार निकषांच्या याद्या, चार भाषांतले अहवाल. आपल्याकडे 'नॅक'ची समिती येणार म्हटलं की भिंतींना रंग लागतो, रांगोळ्या निघतात, ग्रंथपाल एकाएकी कामाला लागतात. असं वर्षात चारदा आलं तर काय होईल, याची कल्पना करा. आणि इतकं करूनही प्रत्येक समिती आपल्याच देशातला तुकडा पाहणार. हत्तीची शेपूट एकानं तपासली, सोंड दुसऱ्यानं. विद्यार्थी एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा मधे काय गळतं, पहिल्या सत्रात शिकलेलंच तिसऱ्या सत्रात पुन्हा शिकवतात का, हे कोणीच पाहत नसे. खरा दोष असलाच तर तो त्या सांध्यात असतो.

यातून वाट काढणाऱ्यांत लहान शेजारी पुढे होते. नेदरलँड्स आणि बेल्जियमचा फ्लांडर्स भाग, दोन्हीकडे भाषा डच. त्यांनी २००३ मध्ये चक्क आंतरराष्ट्रीय करार करून दोघांची मिळून एकच मूल्यांकन संस्था काढली. सीमेच्या एका अंगाला मास्ट्रिख्ट, दुसऱ्या अंगाला हासेल्ट. ही दोन विद्यापीठं तर २००१ पासूनच मिळून पदवी देऊ लागली होती. भाषा एक असली की निम्मं काम होतं, हे खरं. पण बेळगाव-कोल्हापूरकडच्या माणसाला हे वाचून हसू येईल, की सीमा असून भांडण नाही आणि वर विद्यापीठ सामायिक!

मोठ्या प्रमाणावर गाडी हलायला वेळ लागला. २००५ मध्ये सगळ्यांनी गुणवत्तेची सामायिक मानकं मान्य केली. २००८ मध्ये ब्रसेल्सला एक नोंदवही उघडली. ज्या मूल्यांकन संस्था या मानकांनुसार काम करतात त्यांची नावं तिच्यात. म्हणजे तपासणाऱ्यांचीही तपासणी सुरू झाली. मग मे २०१५ मध्ये येरेवानला, आर्मेनियाच्या राजधानीत, मंत्र्यांनी संयुक्त अभ्यासक्रमांसाठी एकच पद्धत स्वीकारली. नोंदवहीतली कोणतीही एक संस्था निवडा. ती निदान चार जणांची समिती नेमील. समितीत त्या अभ्यासक्रमातल्या किमान दोन देशांतले सदस्य हवेत आणि एक विद्यार्थी हवाच. भेट शक्यतो एकाच ठिकाणी, पण सगळ्या विद्यापीठांची माणसं तिथं हजर. अहवाल जाहीर करायचा, आणि निकाल सहा वर्षं सगळ्या देशांनी मानायचा. कोणत्याही देशानं वर आपले जादा निकष लावायचे नाहीत.

हे शेवटचं कलम सगळ्यात अवघड ठरलं. मंत्री सही करून घरी गेले तरी घरचा कायदा बदलायला वर्षं लागतात. काही देशांनी दार पूर्ण उघडलं, काहींनी अर्धं, काहींनी नुसतीच कडी काढली. मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगानं 'युरोपीय पदवी'चा आराखडा मांडला, त्याचं एक कारण हेच, की ही अडथळ्यांची शर्यत तोवर संपलेली नव्हती.

आपल्याकडे काय? मुंबईच्या आयआयटीनं २००८ मध्ये, म्हणजे आमची समिती 'पुढील बैठक' ठरवत होती त्याच वर्षी, ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाबरोबर संशोधन अकादमी सुरू केली आणि दोन्ही संस्थांची मिळून पीएच.डी. देण्याची व्यवस्था केली. पवईत जे जमलं ते आम्हाला कळलंही नव्हतं. मे २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं संयुक्त पदवीचे रीतसर नियम केले. दोन्हीकडे निदान ३० टक्के श्रेयांक मिळवायचे, हे चांगलं आहे. पण कोणाबरोबर भागीदारी करायची, याची कसोटी काय? आपल्या संस्थेला 'नॅक'चे ३.०१ गुण, किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात स्थान, किंवा 'विशेष प्रतिष्ठित संस्था' हा दर्जा. परदेशी संस्था जागतिक क्रमवारीच्या पहिल्या हजारात हवी. एवढं असलं की वेगळी परवानगी नको.

लालफीत कमी झाली, याचं मला बरंच वाटतं. तीनदा पुढं ढकलण्यापेक्षा हे शंभरपट बरं. तरी एक गोष्ट टोचते. क्रमवारी सगळ्या विद्यापीठाची असते, त्या एका अभ्यासक्रमाची नाही. थोर विद्यापीठातही एखादा विभाग निद्रिस्त असतो, आणि हजाराबाहेरच्या संस्थेत एखादा प्राध्यापक जिवापाड शिकवत असतो. आणि तो सांधा, दोन विद्यापीठांमधला, तो या आकड्यांत कुठंच दिसत नाही. तिथं जाऊन, मुलांशी बोलूनच तो दिसतो.

हे मी ठामपणे म्हणतो त्याला एक कारण आहे. बारा वर्षांनी, २०२० साली, मला त्या मुलीची ईमेल आली. एका निवृत्त सहकाऱ्याकडून तिला माझा पत्ता मिळाला होता. पीएच.डी. तिनं युरोपातच केली, तिथंच संशोधन करते. तिच्या जुन्या अभ्यासक्रमाचं या नव्या पद्धतीनं मूल्यांकन झालं, तेव्हा माजी विद्यार्थी म्हणून समितीनं तिला बोलावलं होतं. समितीतल्या विद्यार्थी-सदस्यानं तिला विचारलं, तुझी पदवी कुठं नाकारली गेली का?

ती म्हणाली, हो, एका विद्यापीठात. कोणत्या, ते तिनं सांगितलं नाही. "सर, तुम्हाला वाईट वाटलं असतं," असं तिनं मला लिहिलं. मग समितीनं त्या अभ्यासक्रमाला एक सूचना केली, की पदवीच्या कागदासोबत एक पान जोडावं, ही पदवी कोणत्या विद्यापीठांनी मिळून दिली आणि तिची तपासणी कोणी केली, हे सांगणारं. सोपं पान, कोणत्याही देशातल्या कारकुनाला समजेल असं. तिनं ते ईमेलला जोडून पाठवलं होतं. मी छापून घेतलं आणि आमच्या जुन्या पात्रता विभागात नेऊन दिलं. भाऊसाहेब निवृत्त झालेले. टेबलावर नवीन मुलगा होता. त्यानं ते वाचलं आणि विचारलं, "सर, हे कोणत्या फाईलला लावू?"